औद्योगिक इथरनेट स्विचचे पोर्ट आणि केबलिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगावच्या डाळमिल आणि प्लॅस्टिक पाइपचे कारखाने, धुळे-शिरपूरकडील जिनिंग व सूतगिरण्या, रावेर-यावल भागातील केळीची पिकवणगृहे अशा ठिकाणी पीएलसी (मशीनचा नियंत्रक), एचएमआय (मशीन चालवण्याचा पडदा), व्हीएफडी (मोटारीचा वेग बदलणारे उपकरण), वजनकाटा आणि कॅमेरे इथरनेट स्विचने (अनेक उपकरणांच्या केबल एकत्र जोडणारी पेटी) एकाच नेटवर्कवर आणताना देखभाल विभागाकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. ही उत्तरे कोणत्याही एका कंपनीच्या स्विचपुरती नाहीत. आपल्या मॉडेलच्या माहितीपत्रकात वेगळे काही छापले असेल, तर तेच प्रमाण मानावे.

ऑफिसमधील साधा स्विच कंट्रोल पॅनेलमध्ये बसवला तर काय बिघडते?

थंडीच्या दिवसांत बहुधा काहीच बिघडत नाही, आणि म्हणूनच ही सवय सुटत नाही. ऑफिससाठीचे बहुतेक स्विच ० ते ४० अंश सेल्सिअस तापमानासाठी बनवलेले असतात. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात बाहेरच पारा ४५ च्या आसपास असतो. मग पत्र्याच्या शेडमधील बंद पॅनेलमध्ये, शेजारी व्हीएफडी आणि पॉवर सप्लाय तापत असताना, आतली हवा त्याहून बरीच गरम होते. माहितीपत्रकातील तापमान हे स्विचला लागून असलेल्या हवेचे असते, शेडमधल्या हवेचे नव्हे, हे खरेदीच्या वेळी सहसा विसरले जाते. औद्योगिक स्विच उणे ४० ते ७५ अंशांपर्यंतचे मिळतात. मात्र त्याच कंपनीची थोडी स्वस्त मालिका उणे १० ते ६० अंशांची असू शकते, म्हणून केवळ ‘औद्योगिक’ हा शब्द पाहून भागत नाही.

दुसरा फरक पंख्याचा आहे. औद्योगिक स्विचला पंखा नसतो, त्याचे धातूचे अंगच उष्णता बाहेर टाकते. जिनिंगमध्ये पंखा असलेले कोणतेही उपकरण एका हंगामात रुईच्या तंतूंनी गच्च भरते. अर्थात पंखा नाही याचा अर्थ वरखाली मोकळी जागा नको असा होत नाही. दोन्ही बाजूंना काही सेंटीमीटर अंतर सोडावे आणि स्विचच्या अगदी खाली पॉवर सप्लाय बसवू नये. याशिवाय ३५ मिलिमीटरच्या डिन रेलवर (पॅनेलमधील उपकरणे अडकवण्याच्या धातूच्या पट्टीवर) घट्ट बसणे, २४ व्होल्ट डीसीवर चालणे आणि स्क्रूच्या टर्मिनलमध्ये वायर पक्की राहणे हे फायदे आहेतच. ऑफिसच्या स्विचचा ॲडॅप्टर मशीनच्या कंपनाने सॉकेटमधून सैल होतो, हे रात्रपाळीतल्या वायरमनला वेगळे सांगावे लागत नाही.

स्विचवर पोर्टशिवाय आणखी काय काय असते?

तांब्याच्या केबलसाठी आरजे-४५ पोर्ट, फायबरसाठी (प्रकाशाने माहिती नेणाऱ्या काचतंतूच्या केबलसाठी) एसएफपी मॉड्यूलच्या, म्हणजे स्विचमध्ये खोचायच्या छोट्या प्रकाशीय जोडणीच्या, रिकाम्या जागा, २४ व्होल्टच्या दोन स्वतंत्र इनपुटची टर्मिनल पट्टी, बिघाडाची सूचना देणारा रिले, अर्थिंगचा स्क्रू आणि मॅनेज्ड स्विच (ज्याची सेटिंग बदलता येते असा) असेल तर कन्सोल पोर्ट, एवढे बहुतेक मॉडेलवर असते. काहींवर लहान डिप-स्विच असतात. त्यांचा अर्थ मॉडेलप्रमाणे बदलतो, म्हणून सवयीने ते हलवू नयेत.

कन्सोल पोर्ट आरजे-४५ सारखाच दिसतो. त्यात नेटवर्क केबल लावली तर चालेल का?

चालणार नाही. अनेक मॉडेलमध्ये त्याचा आकार तोच असला तरी आत सिरियल जोडणी असते आणि ती केवळ सेटिंग करण्यासाठी वापरली जाते. तेथे नेटवर्क केबल लावल्यास लिंकचा दिवा लागत नाही आणि माणूस विनाकारण केबल बदलत बसतो. त्या पोर्टमध्ये पीओई (नेटवर्क केबलमधूनच वीज देण्याची सोय) असलेल्या स्विचकडून आलेली केबल तर मुळीच घालू नये.

‘कॉम्बो’ पोर्ट म्हणजे एकाच क्रमांकाचे दोन पोर्ट का?

होय. एक आरजे-४५ आणि एक एसएफपी अशा दोन जागा असतात, पण आतून पोर्ट एकच असतो, त्यामुळे एका वेळी दोहोंपैकी एकच चालतो. बहुतेक स्विच फायबरला प्राधान्य देतात. पोर्ट मोजताना या दोन जागा एकच धराव्यात, नाहीतर ऐन जोडणीच्या दिवशी एक पोर्ट कमी पडतो.

१०० मेगाबिट पुरेल की गिगाबिट घ्यावा?

पीएलसी आणि एचएमआय यांच्यातील देवाणघेवाण फार थोडी असते. तिला १०० मेगाबिट भरपूर झाले. नेटवर्क भरते ते कॅमेऱ्यांमुळे. म्हणून मशीनकडील पोर्ट १०० मेगाबिटचे आणि दोन स्विचना जोडणारे पोर्ट गिगाबिटचे, ही रचना मध्यम कारखान्याला परवडते आणि पुरतेही. पोर्टच्या संख्येत मात्र काटकसर करू नये. आज पाच लागत असतील तर आठांचा स्विच घ्यावा, कारण वाढीव मशीन आले की पॅनेलमध्ये पाच पोर्टचा दुसरा स्विच लोंबकळू लागतो आणि त्याला बहुधा डिन रेलही मिळत नाही.

केबल कॅट-५ई घ्यावी की कॅट-६? आणि १०० मीटरची मर्यादा खरोखर पाळावी लागते का?

गिगाबिटपर्यंत दोन्ही चालतात. कॅट-५ई ची चाचणी १०० मेगाहर्ट्झपर्यंत आणि कॅट-६ ची २५० मेगाहर्ट्झपर्यंत होते. नवीन काम असेल तर कॅट-६ घ्यावी. आधीपासून चांगली चालणारी कॅट-५ई केवळ नावासाठी उपसून काढण्यात अर्थ नाही.

मर्यादेबद्दल सांगायचे तर १०० मीटर हे एका पोर्टपासून दुसऱ्या पोर्टपर्यंतचे एकूण अंतर आहे. त्यात साधारण ९० मीटर पक्की बसवलेली, एकसंध तारांची केबल आणि दोन्ही टोकांच्या मिळून १० मीटर पॅच कॉर्ड असे गृहीत धरलेले असते. पॅच कॉर्ड बारीक तारांच्या गुच्छांची असते, ती लवचीक असते पण सिग्नल जास्त खाते. त्यामुळे ‘शंभराच्या आत आहे’ म्हणून सगळे अंतर पॅच कॉर्डने ओढणे चुकीचे आहे. ११० मीटरवरही लिंक लागलेली आपण पाहिली असेल; ती उन्हाळ्यातही टिकेल याची खात्री नसते, कारण तांबे तापले की केबलमधील ऱ्हास वाढतो. पत्र्याखालून गेलेल्या ट्रेमध्ये दुपारी हात लावून पाहावा, म्हणजे ८५ मीटरला थांबावे असे आम्ही का सांगतो ते कळेल.

बाजारात निम्म्या किमतीत कॅट-६ चे बंडल मिळते. ते का घेऊ नये?

त्यातील बहुतांश केबल ही ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा दिलेली असते. तिचा रोध शुद्ध तांब्याहून बराच अधिक असतो, ती दोनचार वेळा वाकवली की तुटते आणि पीओईचा प्रवाह तिच्यातून गेल्यास ती अधिक तापते. कॅट-५ई किंवा कॅट-६ च्या मानकात ती बसतच नाही, बाहेर काहीही छापलेले असो. ओळखण्याची सोपी रीत अशी की एका तारेचे टोक ब्लेडने खरवडावे. आत पांढरट चमक दिसली तर ती ॲल्युमिनियमची. बंडल हातात घेतल्यावर नेहमीपेक्षा हलके लागले, तर तेव्हाच संशय घ्यावा.

क्रिम्पिंगचा (केबलच्या टोकाला प्लग दाबून बसवण्याचा) रंगक्रम कोणता ठेवावा? सरळ केबल लागते की क्रॉस?

आपल्याकडे सर्रास वापरला जाणारा ‘बी’ क्रम असा आहे: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम ठेवावा. आताचे जवळजवळ सर्व स्विच तारांची अदलाबदल स्वतःच ओळखतात, त्यामुळे क्रॉस केबलची (दोन टोकांना वेगळा क्रम असलेल्या) गरज क्वचितच पडते. जुन्या पीएलसीशी लॅपटॉप थेट जोडताना ती उपयोगी पडू शकते.

रंगक्रमापेक्षा जास्त बिघाड क्रिम्पिंगच्या हातात असतो. तारांच्या जोड्या उलगडाव्या लागतात, पण उलगडलेला भाग १३ मिलिमीटरपेक्षा लांब असू नये, कारण जोडीचा पीळ हेच बाहेरच्या गोंगाटापासूनचे मुख्य संरक्षण आहे. आठही तारा एका रेषेत कापाव्यात, प्लगच्या पुढच्या पारदर्शक भिंतीला त्या टेकलेल्या दिसाव्यात आणि बाहेरचे आवरण प्लगच्या मागच्या खाचेखाली दाबले गेले पाहिजे. आवरण बाहेर राहून नुसत्या रंगीत तारा दिसत असतील, तर तो प्लग कापून नवा लावावा. कंपन असलेल्या मशीनवर असा प्लग काही महिन्यांत दगा देतो आणि तेव्हा दोष स्विचला दिला जातो. एकसंध तारेचा आणि गुच्छतारेचा प्लग वेगळा असतो, हेही दुकानदाराला सांगून घ्यावे. आठ दिव्यांचा साधा टेस्टर फक्त तार जोडलेली आहे एवढेच सांगतो. पीळ बिघडला आहे हे तो सांगत नाही.

लिंकचा दिवा लागतो, पण एचएमआय मध्येच अडकते. दोष कुठे शोधावा?

दिवा लागणे म्हणजे दोन टोकांची ओळख झाली, एवढाच त्याचा अर्थ आहे. पुढची तपासणी या क्रमाने करावी, असा आमचा आग्रह आहे.

प्रथम दोन्ही टोकांची वेगाची आणि डुप्लेक्सची (माहिती एकाच वेळी दोन्ही दिशांनी, म्हणजे ‘फुल’, की आळीपाळीने, म्हणजे ‘हाफ’) सेटिंग पाहावी. एका बाजूला कोणी ‘१०० फुल’ पक्के केले असेल आणि दुसरी बाजू स्वयंचलित असेल, तर स्वयंचलित बाजू वेग बरोबर ओळखते पण डुप्लेक्स ‘हाफ’ धरते. मग थोडा भार असेपर्यंत सगळे सुरळीत वाटते आणि भार वाढला की पॅकेट (माहितीचे तुकडे) गळू लागतात. उपाय एकच: दोन्ही बाजू स्वयंचलित ठेवाव्यात किंवा दोन्ही सारख्याच पक्क्या कराव्यात.

नंतर मॅनेज्ड स्विचच्या पानावर त्या पोर्टचा सीआरसी दोषांचा (बिघडून पोहोचलेल्या पॅकेटचा) आकडा पाहावा. तो आकडा शून्य करून तासाभराने पुन्हा पाहावा. वाढत असेल तर केबल, प्लग किंवा आसपासचा विद्युत गोंगाट यांपैकी एक कारण नक्की आहे. विशिष्ट मोटार सुरू झाल्यावरच तो वाढत असेल, तर पुढचा प्रश्न वाचावा.

गिगाबिट पोर्ट १०० मेगाबिटवर येऊन बसला असेल, तर चारपैकी एखादी जोडी तुटलेली असण्याची शक्यता मोठी आहे. १०० मेगाबिटला १, २, ३ आणि ६ क्रमांकाच्या पिनांवरील दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही लागतात.

व्हीएफडीच्या केबलजवळून नेटवर्क केबल नेता येईल का?

एकाच ट्रेमधून, शेजारी-शेजारी, कधीही नेऊ नये. व्हीएफडीपासून मोटारीकडे जाणाऱ्या केबलमध्ये अतिशय वेगाने चढउतार होणारे व्होल्टेज असते आणि तेच आजूबाजूच्या तारांत शिरते. दोन्हींमध्ये किमान २० ते ३० सेंटीमीटर अंतर ठेवावे, शक्य असल्यास ट्रेच वेगळा करावा. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडावी. व्हीएफडीची मोटार केबल शिल्डची (तारांभोवती धातूचे वेष्टन असलेली) असावी आणि तिची शिल्ड दोन्ही टोकांना रुंद पकडीने अर्थ केलेली असावी. गोंगाट जिथे जन्मतो तिथेच अडवणे नेहमी स्वस्त पडते.

अशा ठिकाणी नेटवर्कची केबलही शिल्डची घ्यावी. मात्र शिल्डची केबल आणि साधा प्लॅस्टिकचा प्लग ही जोडी निरर्थक आहे. धातूचे कवच असलेला प्लग वापरावा आणि स्विचचा अर्थिंग स्क्रू पॅनेलच्या अर्थ पट्टीला जाड, आखूड वायरने जोडावा. शिल्ड एका टोकाला अर्थ करावी की दोन्ही, यावर कारखान्यांत वाद झडतात. उच्च वारंवारतेच्या गोंगाटासाठी दोन्ही टोके अर्थ केलेली चांगली, पण दोन्ही पॅनेलच्या अर्थिंगमध्ये व्होल्टेजचा फरक असेल तर शिल्डमधूनच प्रवाह वाहू लागतो. तो फरक असेल तर आधी अर्थिंग सुधारावे. ते शक्य नसेल तर तेथे तांबे नकोच.

गोदाम आणि प्रक्रिया शेड यांच्यात फक्त ६० मीटर अंतर आहे. मग फायबरचा खर्च कशासाठी?

या प्रश्नाचे उत्तर आम्ही अंतर न विचारताच देतो: शेड बदलली की फायबर. दोन इमारतींचे अर्थिंग वेगळे असते आणि मृगाच्या आधीच्या वळवाच्या पावसात जवळपास वीज कोसळली की दोन्हींच्या अर्थ व्होल्टेजमध्ये क्षणभर प्रचंड फरक पडतो. त्यांना जोडणारी तांब्याची केबल असेल तर तो फरक तिच्यातूनच वाट काढतो, आणि वाटेत दोन्हीकडचे पोर्ट जातात. कित्येकदा स्विच वरून शाबूत दिसतो, त्याचा पॉवरचा दिवाही लागतो, फक्त त्या केबलचा एक पोर्ट आणि पलीकडचे पीएलसीचे कार्ड मेलेले असते. पीएलसीच्या कार्डाची किंमत आणि हंगामातील एका दिवसाचा खाडा यांपुढे फायबरच्या ६० मीटरचा खर्च किरकोळ ठरतो.

फायबरमध्ये वीज वाहून नेणारे काही नसते. पण बाहेर टाकायची केबल पोलादी कवचाची असेल, तर ते कवच धातूचेच आहे हे लक्षात ठेवून इमारतीत शिरतानाच ते अर्थ करावे किंवा पूर्णतः बिगरधातूची केबल घ्यावी. फायबर शक्य नसेल तेथे दोन्ही टोकांना सर्ज अरेस्टर (व्होल्टेजचा झटका अडवणारी उपकरणे) लावता येतात. तो दुय्यम उपाय आहे आणि त्याचेही संरक्षण अर्थिंग चांगले असेल तेवढेच.

सिंगल मोड घ्यावे की मल्टिमोड?

सिंगल मोड फायबरचा गाभा अगदी बारीक असतो, मल्टिमोडचा जाड. मल्टिमोडवर गिगाबिटचे ८५० नॅनोमीटरचे मॉड्यूल ५० मायक्रॉनच्या फायबरवर सुमारे ५५० मीटर आणि जुन्या ६२.५ मायक्रॉनच्या फायबरवर २२० ते २७५ मीटर चालते. १०० मेगाबिटचे मॉड्यूल मल्टिमोडवर २ किलोमीटरपर्यंत जाते. सिंगल मोडवर १३१० नॅनोमीटरचे सर्वसाधारण मॉड्यूल १० किलोमीटरसाठी विकले जाते. पूर्वी सिंगल मोडची मॉड्यूले फार महाग असल्याने कारखान्यात मल्टिमोडच टाकत. आता तो फरक बराच उतरला आहे, म्हणून नव्या कामाला आम्ही सिंगल मोडच सुचवतो. केबलमध्ये दोन नव्हे, किमान सहा तंतू घ्यावेत, कारण खर्च खोदाईचा असतो, तंतूंचा नव्हे.

एसएफपी बसवला, फायबर लावले, तरी लिंक येत नाही.

सर्वाधिक आढळणारे कारण म्हणजे दोन तंतू उलटे लागलेले असणे: एका टोकाचा प्रेषक (प्रकाश पाठवणारी बाजू) दुसऱ्या टोकाच्या ग्राहकाला (प्रकाश घेणाऱ्या बाजूला) मिळाला पाहिजे, म्हणून एका टोकाला दोन्ही प्लगांची अदलाबदल करून पाहावी. दुसरे कारण मॉड्यूलचा मेळ न बसणे. एकीकडे १०० मेगाबिट आणि दुसरीकडे गिगाबिट, किंवा एकीकडे ८५० आणि दुसरीकडे १३१० नॅनोमीटर, असे असेल तर लिंक येणार नाही. तांब्यासारखी वेगाची तडजोड येथे होत नाही. एकाच तंतूवर चालणारी मॉड्यूले जोडीनेच घ्यावी लागतात, दोन्हीकडे एकसारखे मॉड्यूल चालत नाही. काही स्विच अन्य कंपनीचे मॉड्यूल स्वीकारत नाहीत, तेही तपासावे.

तिसरे कारण धूळ. फायबरच्या प्लगचे पांढरे टोक भिंगाखाली पाहिल्यास मधला गाभा सिंगल मोडमध्ये अवघा ९ मायक्रॉनचा असतो. डाळमिलमधील चुनीचा एक कण किंवा कापसाचा एक तंतू त्याला पूर्ण झाकू शकतो. झाकण काढल्यावर टोक शर्टाला पुसणे ही आपल्याकडची सर्वांत महागडी सवय आहे. त्यासाठी मिळणारा पेनसारखा क्लीनर वापरावा आणि रिकाम्या एसएफपीवर रबराचे झाकण कायम ठेवावे. प्रकाश येतो का हे पाहण्यासाठी टोकात डोळा घालून कधीही पाहू नये. तो प्रकाश अदृश्य असतो आणि डोळ्याला इजा करू शकतो.

आणखी एक: ४० किंवा ८० किलोमीटरचे मॉड्यूल स्वस्तात मिळाले म्हणून २०० मीटरवर लावू नये. जादा प्रकाशाने ग्राहक बाजू आंधळी होते, प्रसंगी कायमची.

कॅमेऱ्यांना पीओई द्यायचे आहे. २४ व्होल्टचा स्विच चालेल का?

पीओईला पोर्टवर ४४ ते ५७ व्होल्ट लागतात. काही स्विच २४ व्होल्ट आत घेऊन स्वतः वाढवतात, काहींना ४८ व्होल्टचा वेगळा पॉवर सप्लायच लागतो. २००३ च्या मानकात एका पोर्टला १५.४ वॅट, २००९ च्या मानकात ३० वॅट आणि २०१८ च्या मानकात ९० वॅटपर्यंत मिळतात; केबलमधील घट वजा जाता पहिल्या प्रकारात कॅमेऱ्यापर्यंत १२.९५ आणि दुसऱ्यात २५.५ वॅट पोहोचतात. फिरणाऱ्या कॅमेऱ्याला पहिला प्रकार सहसा अपुरा पडतो. प्रत्येक पोर्टच्या क्षमतेबरोबर संपूर्ण स्विचची एकूण वॅट मर्यादाही पाहावी, कारण आठही पोर्ट पूर्ण क्षमतेने चालतीलच असे नाही. वायरलेस उपकरणांबरोबर येणारा २४ व्होल्टचा साधा इंजेक्टर मात्र समोर काय आहे हे न विचारता व्होल्टेज सोडतो. तो पीएलसीच्या केबलला लागता कामा नये.

एक केबल तुटली तरी प्लँट चालू राहावा म्हणून स्विचची रिंग करता येते का?

येते, पण केवळ मॅनेज्ड स्विचवर, आणि सेटिंग आधी व केबल नंतर या क्रमाने. साध्या स्विचची शेवटची केबल जोडून वर्तुळ पूर्ण केले, की ब्रॉडकास्ट (सर्व उपकरणांना उद्देशून पाठवलेली) पॅकेट त्यात अखंड फिरत राहतात, सगळे दिवे एकदम भराभर लुकलुकू लागतात आणि काही क्षणांत पूर्ण नेटवर्क ठप्प होते. तसे दिसले तर शेवटची लावलेली केबल आधी काढावी.

रिंगची पद्धत निवडताना केबल तुटल्यावर नेटवर्क पुन्हा उभे राहण्याचा वेळ पाहावा. जुन्या स्पॅनिंग ट्री पद्धतीला ३० ते ५० सेकंद लागत. तिच्या सुधारित आरएसटीपी पद्धतीला सहसा काही सेकंद किंवा त्याहून कमी लागतो. औद्योगिक रिंगसाठीच्या एमआरपी पद्धतीमध्ये ५० उपकरणांच्या रिंगला कमाल २०० मिलिसेकंद धरलेले आहेत. कंपन्यांच्या स्वतःच्या रिंग पद्धती याहून वेगवान असतात, पण दोन कंपन्यांचे स्विच त्यात एकत्र येत नाहीत. रिंगच्या दोन्ही बाजू एकाच ट्रेमधून नेल्या, तर एकाच जेसीबीच्या दात्याने दोन्ही तुटतील, मग रिंग असून नसून सारखीच.

उंदीर आणि खारी केबल कुरतडतात. त्यावर काय करावे?

धान्य, डाळ आणि सरकी असलेल्या ठिकाणी हे गृहीत धरूनच काम करावे. जमिनीलगतच्या केबल जीआय पाइपमधून न्याव्यात, बाहेरची फायबर कवचाची घ्यावी, पॅनेलमधील प्रत्येक छिद्राला ग्लँड बसवावी आणि न वापरलेली छिद्रे पत्र्याने बंद करावीत. फोमने बंद केलेले छिद्र उंदराला अडवत नाही. उन्हात जाणाऱ्या केबलचे आवरण काळ्या पॉलिइथिलीनचे असावे. घरातील वापराची राखाडी केबल आपल्याकडच्या उन्हात लवकरच तडकते.

मशीनवरच, पॅनेलबाहेर स्विच लावता येतो का?

येतो, पण साधा आयपी-३० दर्जाचा नव्हे. पाणी आणि धूळ रोखणारा आयपी-६७ दर्जाचा स्विच घ्यावा. त्याला आरजे-४५ ऐवजी आट्यांचे एम-१२ कनेक्टर असतात: १०० मेगाबिटला चार पिनांचा डी-कोड आणि गिगाबिटला आठ पिनांचा एक्स-कोड. हे दोन एकमेकांत बसत नाहीत, म्हणून केबल मागवताना कोड लिहूनच मागवावी.

रिकामे पोर्ट तसेच सोडावेत का?

प्लॅस्टिकची झाकणे लावावीत आणि मॅनेज्ड स्विच असेल तर सेटिंगमधून ते बंद करावेत. उघडा पोर्ट धूळ खातो आणि कुणाच्याही लॅपटॉपला मशीनच्या नेटवर्कमध्ये वाट देतो.

दोन पॉवर इनपुट आणि रिले यांचा प्रत्यक्ष उपयोग काय?

दोन्ही इनपुट एकाच पॉवर सप्लायला जोडले तर उपयोग जवळजवळ काहीच नाही. दुसरे इनपुट वेगळ्या सप्लायवर, शक्यतो यूपीएसवरील सप्लायवर असावे, म्हणजे लाइट गेल्यावर स्विच पुन्हा चालू होण्याची वाट पाहावी लागत नाही. रिलेचा संपर्क पीएलसीच्या एका डिजिटल इनपुटला द्यावा आणि एचएमआयवर इशारा दाखवावा. अनेक मॉडेलमध्ये एक सप्लाय गेला किंवा निवडलेल्या पोर्टची लिंक तुटली तरी तो कळवतो, मात्र कोणत्या घटनेवर कळवायचे हे आधी सेट करावे लागते. त्याची क्षमता सहसा २४ व्होल्टला १ अँपिअर असते, त्यामुळे त्यावर थेट २३० व्होल्टचा हूटर जोडू नये. मध्ये वेगळा रिले घ्यावा.

जुना स्विच बदलताना कोणती तयारी ठेवावी?

केबल काढण्यापूर्वी समोरून स्पष्ट फोटो घ्यावा आणि प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना पोर्ट क्रमांकाची फीत लावावी. मॅनेज्ड स्विचची सेटिंग फाइल लॅपटॉपवर आधीच उतरवून ठेवावी; स्विच बंद पडल्यावर ती मिळत नाही. नव्या स्विचमध्ये फाइल टाकण्यापूर्वी मॉडेल आणि फर्मवेअरची आवृत्ती जुळते का ते पाहावे. रिंगमधील स्विच असेल तर सेटिंग होईपर्यंत त्याची एकच रिंग केबल जोडलेली ठेवावी आणि दुसरी अगदी शेवटी लावावी.